दुखायचं थांबलं तेव्हा

थंडीने बोटं गेली असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "काश्मीरला होतास काय?" मी सांगतो, नाही, नावड्याला होतो. तळोज्याच्या कारखान्यांकडे. आणि महिना मे होता. बाहेर डांबर पातळ होऊन चपलेला चिकटत होतं, आणि आम्ही आठ जण कानाला मफलर बांधून कोळंबीची खोकी उचलत होतो.

ही कोळंबी परदेशात जाते. ती गोठवतात, खोक्यांत भरतात आणि जहाज लागेपर्यंत कोल्ड रूममध्ये ठेवतात. घरच्या फ्रीजमधलं बर्फाचा खण असतो, त्याहून कितीतरी थंड अशी ती खोली. अशा खोल्या आता वाढत चालल्या आहेत. वाशीला मार्केट आलं, त्याच्या मागोमाग बटाट्याच्या, फळांच्या, मासळीच्या खोल्या येत आहेत, आणि त्यात उभी राहणारी माणसं कालपर्यंत उन्हात शेतं कापत होती किंवा मिठागरात मीठ ओढत होती. थंडी म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मलाही नव्हतं. म्हणून हे लिहितोय. डॉक्टरी पुस्तकात काय असतं ते मला माहीत नाही. माझ्या हातावर काय झालं तेवढं सांगतो.

*

आमचं घर परभणीकडचं. वडील जयंतीच्या दिवशी आणि सभांच्या मैदानाबाहेर चादर अंथरून पुस्तिका विकायचे. विकल्या न गेलेल्या घरी यायच्या, आणि सुतळीने बांधलेल्या त्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकलो. 'कमळ' आणि 'गवत' यांच्याआधी मला 'निषेध' वाचता येत होतं. वडील गेले. थोरला भाऊ, आमचा दादा, वाशीला सरकारी कचेरीत कारकून झाला, त्याला दोन खोल्या मिळाल्या, आणि आईला घेऊन आम्ही गाव सोडून इकडे आलो.

मी कॉलेज सोडून कंपनीत लागलो. पगार हवा होता हे खरं. कामगारांमध्ये राहून लिहायचं होतं हेही खरं. आसपासच्या वस्त्यांत कुणालाही पत्रक काढायचं असलं की माझ्याकडे यायचे. मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षर कोरायचं, मग यंत्रावर त्याच्या प्रती काढायच्या. लेखणी जास्त दाबली तर कागद फाटतो, कमी दाबली तर अक्षर उमटत नाही. तो दाब माझ्या उजव्या हाताच्या बोटांत बसलेला होता. माझ्याकडे दुसरी कसलीच मालमत्ता नव्हती.

*

आठ माणसांत हातमोज्यांचे तीन जोड होते. मी लागलो तेव्हा जो आधी पोहोचेल तो घालायचा. हे मला सहन होईना. मी पाळी लावून दिली. तिघांनी आत जायचं, मोजे घालून काम करायचं, बाहेर आले की मोजे पुढच्यांच्या हातात. सगळ्यांना सारखे. धर्माभाऊ, आमच्यातला जुना माणूस, नावडे गावातलाच, माझ्या 'मिलिंद'चं 'मिलिन' करत, पाठीवर थाप मारून म्हणाले, "मिलिन, आता कसा न्याय झाला!"

मला फार अभिमान वाटला. एकाच्या हातातून निघालेला मोजा घामाने ओला असतो, आणि तो ओला मोजा दुसरा तसाच घालून थंडीत जातो, हे आठांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. दुसऱ्याचा उष्टा मोजा घालतो म्हणून आम्ही एकमेकांची चेष्टा मात्र करायचो.

दुसरी एक पद्धत आमच्याही आधीपासूनची होती. कोल्ड रूमच्या मागे मशीन रूम. तिथे कॉम्प्रेसरमधून एक जाड पाईप निघायचा, तो सतत तापलेला. त्याला गोणपाट गुंडाळलेलं असायचं. बाहेर आलेल्या माणसाने त्या गोणपाटावर हात दाबून धरायचे, हात मोकळे झाले की बिडी पेटवायची. नव्या माणसाला ती जागा दाखवणं हा आमचा पाहुणचार होता.

आणि धर्माभाऊंचं एक ठाम मत होतं. "ही थंडी हाय ना पोरा, ती पयल्यांदा चावतं, मंग सोरून देतं. सोरलं का समजायचं, हात बसला."

हात बसला, म्हणजे सवय झाली.

*

त्या दिवशी जहाजाचा माल जायचा होता. गाडी दाराला लागली होती आणि सुपरवायझर ओरडत होता, "जेवायच्या आत खोली खाली पाहिजे मला!" पाळ्या लांबल्या. मी शेवटच्या तिघांत होतो. मोजे हातात आले तेव्हा आतून गार ओले होते, उजवा तर चिंब.

आधी बोटं भाजल्यासारखी आग करायला लागली. मग नखांखाली सुया. मी दात आवळून खोकी देत राहिलो. आणि थोड्या वेळाने दुखायचं थांबलं. एकदम. कोणी बटण बंद करावं तसं.

मी खूश झालो. हात बसला!

बाहेर येऊन मोजा काढला. उजव्या हाताची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होती. ट्रेच्या कडेला आपटली तर 'टक्' असा आवाज आला. माझ्या बोटांचा. मी हसलो आणि ते धर्माभाऊंना ऐकवलं. मग सगळे करतात तेच केलं, मशीन रूममध्ये गेलो आणि पाईपवर हात दाबून धरला. काहीच कळत नव्हतं, म्हणून आणखी दाबला. धर्माभाऊंनी मागून येऊन माझं मनगट ओढलं.

"आरं मेल्या, कातरी जलते तुजी!"

गोणपाट एका ठिकाणी फाटलेलं होतं. तळव्याची आणि बोटांची कातडी पाईपला चिकटून आली होती, आणि मला कळलंही नव्हतं.

तेवढ्यात सुपरवायझरची हाक आली. अर्धी खोली बाकी होती. धर्माभाऊ म्हणाले, "तू ऱ्हा." मी म्हणालो, "माझी पाळी आहे." जे थोडंफार वितळलं होतं ते घेऊन मी पुन्हा आत गेलो.

रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की एकदा गोठून सुटलेलं बोट दुसऱ्यांदा गोठलं, तर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मरतं.

*

एसटीने वाशीला घरी आलो. शर्टाची बटणं आईने काढली. संध्याकाळी हात सुटला तेव्हा जे दुखलं ते मी लिहू शकत नाही. उशी तोंडात धरून मी रडलो. आई तेल चोळायला आली, मी हात लावू दिला नाही. नशीब माझं, कारण चोळणंही वाईटच, हे पुढे कळलं. रात्र व्हायच्या आत बोटांवर द्राक्षांएवढे फोड उठले होते. काही फोडांत पाणी होतं, काहींत रक्त.

जवळच्या दवाखान्यात भाजल्याचं औषध मिळालं. ते लावता लावता बोटं निळी, मग जांभळी, मग काळी झाली. दादाने रजा टाकली आणि मला वाशीतल्या एका रुग्णालयात नेलं. तरुण डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बर्फाने? इथे?"

मग त्यांनी दादाला बाजूला घेतलं, पण मला सगळं ऐकू येत होतं. चार बोटं. लवकरात लवकर. उशीर केला तर विष हातात चढेल आणि मग हात, नाहीतर जीव.

दादा परत आला तो पांढरा पडलेला. "मिलिंद, करून टाकू."

"नाही."

"ऐक माझं. काळी झालीत ती. मेलीत."

"माझी आहेत."

"प्रत्येक ठिकाणी तुझा संप!" तो ओरडला. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. "बाबा गेले तेव्हाही हेच. दवाखान्यात जायचं नाही, सभा आहे. मला अजून एक मयत उचलायची नाही, कळलं?"

मी त्याला भित्रा म्हणालो. त्या वेळी मला तो तसाच वाटला. पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली आई एकाच वेळी दोघांना थोपटल्यासारखं करत होती, एक हात पलंगाच्या कांबीवर आणि एक दादाच्या पाठीवर.

*

दुसऱ्या दिवशी मोठे सर्जन फेरीला आले. ते लष्करात नोकरी करून आलेले होते, पहाडांत, बर्फात. त्यांनी माझा हात उजेडात धरला, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि मनगटापासून वर बोटांनी दाबत गेले.

"असं मी पन्नास पोरांचं पाहिलंय," ते म्हणाले. "इथे पहिल्यांदा. कापायचं नाही."

दादा म्हणाला, "पण साहेब, काळं..."

"वरून काळं आहे. खाली किती जिवंत आहे ते आज मलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही. शरीर स्वतः रेषा काढतं, इथवर जिवंत, इथून पुढे मेलेलं. त्याला वेळ लागतो. महिने लागतात. घाई केली तर जिवंत बोटंही कापून टाकू आपण."

"आणि तोवर विष चढलं तर?"

डॉक्टरांनी ते झाकलं नाही. "चढू शकतं. वास आला, लाली मनगटावर आली किंवा ताप आला, तर मी त्याच दिवशी कापीन. विचारणार नाही." मग माझ्याकडे वळून, "कबूल?"

मी कबूल म्हणालो. आता प्रश्न एकच उरला होता: रेषा आधी येते की ताप.

*

वॉर्डातला दिवस पट्टीपासून सुरू व्हायचा. सिस्टर चिमट्याने जुनी पट्टी उचलायची, तिच्यानंतर मी वास घ्यायचो, माझ्यानंतर आई. आपल्याच हाताचा वास घेण्यासाठी रोज सकाळी जागं व्हायचं, याची भीती कशी असते ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आईने नाकाला दुसरा वास लागू नये म्हणून तपकीर सोडली.

डॉक्टर टाचणीने टोचायचे. "दुखतंय?" मी नाही म्हणायचो. अंगठा, नाही. पहिलं बोट, नाही. असं कितीतरी सकाळी चाललं. मग एकदा त्यांनी अंगठ्याला टोचलं आणि मी शिवी दिली.

"दुखलं?"

"हो!"

"उत्तम," ते म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

आईने हे नीट पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून डबा उघडायच्या आधी तिचा प्रश्न तयार, "दुखायलंय का रं?" मी दुखतंय म्हणालो की तिचा चेहरा उजळायचा. शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, "कसली आई आहे ही!"

एकदा मी डॉक्टरांना विचारलं की थंडीत हात सगळ्यांचेच होते, मग माझाच का गेला. ते पलंगाच्या कडेला टेकले.

"थंडी वाढली की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. काळीज आणि मेंदू गरम ठेवायला."

"म्हणजे राबणारे हात मरू द्यायचे आणि गादीवरच्यांना वाचवायचं," मी म्हणालो. "शरीरही मालकासारखंच."

ते हसले. "पुरतं ऐक. दर थोड्या वेळाने शरीर नस पुन्हा उघडतं, बोटांना गरम रक्त पाठवतं, मग पुन्हा बंद करतं. बोटं मरू नयेत म्हणून. ज्यांचे हात वर्षानुवर्षं थंडीत आहेत त्यांच्यात हे लवकर आणि जोरात होतं. नव्या माणसात उशिरा. ओला मोजा असला तर होऊन उपयोग नाही."

मला धर्माभाऊंचे हात आठवले. लहानपणापासून बर्फातली मासळी उचललेले. आतून आले की पांढरे पडलेले नसायचे, लालबुंद असायचे. त्यांचा हात खरोखर बसलेला होता. त्यांनी स्वतःच्या हाताचं खरं तेच मला सांगितलं होतं. माझ्या हाताला ते लागू नव्हतं, एवढंच.

"सवय थोडी होते," उठताना डॉक्टर म्हणाले. "पण तिलाही हद्द आहे. आणि नव्या माणसाचं दुखायचं थांबलं, तर ती सवय कधीच नसते."

*

एका दुपारी मला थंडी वाजायला लागली. पंखा बंद केला, चादर घेतली, आईचं लुगडं घेतलं, तरी दात वाजत होते, पलंग हलत होता. अंग तापलं. सिस्टरने थर्मामीटर पाहिला आणि ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

दादा कचेरीतून थेट आला. तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. तो खाली बसला आणि माझा डावा हात धरला. "झालं ते झालं," म्हणाला. "मी लिहीन तुझं. तू सांग, मी लिहीन. जन्मभर." माझ्या सुंदर अक्षराचा अर्धा वाटा मुळात दादाचाच होता. पाटीवर तोच गिरवून द्यायचा.

मी थरथरत पडून होतो आणि पहिल्यांदाच मनातून हात सोडून दिला.

डॉक्टर आले. पट्टी सोडली. वास घेतला. पुन्हा घेतला. मनगट दाबलं. मग बराच वेळ माझ्या थरथरण्याकडे बघत उभे राहिले आणि सिस्टरला म्हणाले, "बोटातून रक्त घ्या. मलेरियासाठी."

खाडीकाठच्या डासांनी आमची परीक्षा घेतली होती. मलेरियाच निघाला. दादा आधी हसला, मग भिंतीकडे तोंड करून रडला. आई वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटली, "माझ्या लेकराला मलेरिया झालाय!" जणू नोकरी लागली होती.

*

मलेरिया उतरला आणि काही आठवड्यांनी रेषा आली. काळं सुकत आक्रसत गेलं, खारकेसारखं झालं, आणि त्याच्या मागे गुलाबी कातडी दिसू लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही पहिल्या पेरापर्यंत गेली. मधल्या बोटाचं टोक गेलं. अंगठा आणि पहिलं बोट राहिलं.

त्याच सुमारास धर्माभाऊ भेटायला आले. बोंबलाचा डबा आणला होता, तो सिस्टरने बाहेर ठेवायला लावला. सुरुवातीला ते माझ्या हाताकडे बघेनात. मग म्हणाले, "मीच बोललो ना, सोरून देतं."

"तुमचं खरं होतं, धर्माभाऊ. तुमच्या हातापुरतं."

मग त्यांनी बातमी दिली. कंपनीचं म्हणणं, हा बेपर्वाईने पाईपला भाजला, थंडीचा काही संबंध नाही. मोजे तेवढेच. पाळ्या त्याच. "आनि तू लावलेली पाली हाय ना, तीच दाखवतात. म्हनतात, सगल्यांना मोजे मिलतान."

माझं डोकं फिरलं. दादाला कागद घ्यायला सांगितलं आणि मी बोलत सुटलो. रक्तपिपासू, नरभक्षक, भांडवलाची हिमगुहा! दादा कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहीत होता. थोड्या वेळाने त्याची लेखणी थांबली.

"मिलिंद, आत उभा असलेला माणूस हे वाचेल, तोवर त्याचं बोट जाईल."

"आं?"

"त्याला आधी काय पाहिजे ते सांग. शिव्या मागे टाकू. मी सगळ्या लिहीन."

धर्माभाऊ म्हणाले, "हा बराबर बोलतंय."

मी आयुष्यात कितीतरी पत्रकं लिहिली होती. वाचणाऱ्याने काय करायचं, हे पहिल्या ओळीत एकदाही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी तिघांनी मिळून लिहिलं.

दुखायचं थांबलं की बाहेर या. बोट पांढरं पडलं की परत आत जाऊ नका, पाळी असली तरी. चोळू नका. गरम पाईपला, शेगडीला हात लावू नका, बधिर हाताला चटका कळत नाही. कोमट पाण्यात हात बुडवा. पाणी आपल्या हाताने बघू नका, दुसऱ्याला कोपर बुडवून बघायला लावा, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. हे आईने सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी मान डोलावली होती. आणि शेवटी: ओला मोजा मोजा नव्हे. प्रत्येकाला स्वतःचा कोरडा जोड मिळाल्याशिवाय आत जाणार नाही.

शिव्यांना जागा उरली नाही.

मेणकागद दादाने कोरला. सरकारी नोकर असून. मी त्याला भित्रा म्हणालो होतो ते दोघांनाही आठवत होतं, कोणी काढलं नाही.

*

उरलेले सातही जण एका सकाळी कोल्ड रूमच्या दारात उभे राहिले आणि आत गेले नाहीत. गाडी लागलेली, जहाज थांबलेलं. जेवणाच्या आधी वाशीहून मोज्यांचं खोकं आलं. माझी नोकरी परत मिळाली नाही. त्याचं भांडण चालू आहे आणि चालू राहील. पण मागे धर्माभाऊंकडे गेलो होतो तेव्हा कळलं, मशीन रूममधल्या पाईपला आता कोणी गोणपाट बांधत नाही. त्याच्याशेजारी कोमट पाण्याची बादली असते.

मी पुन्हा अक्षर कोरतो. दोन बोटं आणि एक अर्धं, हळू. दाब अजून पूर्वीसारखा येत नाही, काही ओळी फाटतात. ज्यांची बोटं आज काळी आहेत त्यांना एवढंच सांगतो की वाट बघणारा डॉक्टर शोधा, आणि घरात घाबरणाऱ्या माणसाला भित्रा म्हणू नका.

थंडी आता मला लवकर कळते. माठातल्या पाण्याचा पेला उजव्या हातात घेतला तरी बोटांच्या टोकांत कळ जाते. परवा सकाळी वाशीत जरा गारवा होता. मी मेणकागदावर वाकलो होतो, आणि हात झटकताना आईने पाहिलं.

"दुखायलंय का रं?"

"दुखायलंय."

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि चहा माझ्या उजव्या हाताकडे ठेवला.